क्लॅड पत्रा लेझरने वाकवताना: कोन बसतो, पण आतला जोड टिकतो का?

आमच्या रबाळेच्या गाळ्यात मागच्या पावसाळ्यात एक जॉब आला होता, वर १ मिमी स्टेनलेस स्टील (एसएस) ३०४ आणि खाली २ मिमी साधं कार्बन स्टील असा क्लॅड, म्हणजे थर एकमेकांना पक्के जोडलेला पत्रा, छोट्या टाकीचे साइड पॅनल. प्रेस ब्रेकवर (पत्रा पंच आणि डायमध्ये दाबून वाकवायचं मशीन) बेंड झाले होते पण सगळे पीस दोन-अडीच डिग्रीने कमी पडत होते, स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर पत्रा थोडा परत उलगडतो तो) दोन थरांचा असल्यामुळे नेहमीच्या चार्टवर बसतच नव्हता. परत डायमध्ये घालून दाबलं तर एसएसवर पंचाचे वळ उठणार म्हणून मग लेझर कटिंग मशीनचं हेड वर उचलून, बीम पसरवून, बेंडच्या रेषेवर फिरवायचं ठरवलं. चार पासमध्ये (पास म्हणजे रेषेवरून बीमची एक फेरी) ऑपरेटर ओरडला, "दादा, कोन बसला!" आणि खरंच बसला होता, गुण्याला तंतोतंत. मला मात्र चैन पडेना म्हणून एक पीस आडवा कापून, घासून, भिंगाखाली धरला, तर कडेपासून चार-पाच मिमी आतपर्यंत दोन थरांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ. जोड सुटला होता. बाहेरून काहीही दिसत नव्हतं.

तेव्हापासून या विषयावर वाचतोय, ऑफकटवर ट्रायल घेतोय, आणि जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितोय कारण मराठीत याच्यावर मला कुठे काही सापडलं नाही. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे: थराच्या पत्र्यात कोन ठरतो वरच्या थराच्या तापण्यावरून, पण पत्रा वाचणार की मरणार हे ठरतं मधल्या जोडावर किती तापमान गेलं यावरून. वरच्या चमकणाऱ्या रेषेकडे बघत सेटिंग केलं की फसगत होते.

आधी हे वाकतं कसं ते

यात कुठलाही पंच नाही, डाय नाही, कोणी दाबत नाही. बीम रेषेवरून जातो तेव्हा वरचा भाग भसकन तापतो आणि फुगायला बघतो, पण आजूबाजूचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही म्हणून तो स्वतःतच दाबला जातो, कायमचा आखडतो. मग थंड होताना तो आकसतो आणि पत्रा लेझरच्या बाजूला ओढला जातो. पहिल्या क्षणाला पत्रा उलटा, बीमपासून लांब झुकतो आणि मग परत येतो, तेव्हा घाबरून बीम बंद करू नका. बोटीच्या कारखान्यांत जाड प्लेटला गॅसच्या ज्योतीने रेषा मारून गोलाई देतात ना, तत्त्व तेच, फक्त ज्योतीच्या जागी बीम आणि ताबा कितीतरी जास्त.

याला टेम्परेचर ग्रेडियंट पद्धत म्हणतात, म्हणजे वर गरम आणि खाली थंड असा फरक असेल तरच चालते. त्यासाठी बीमचा ठिपका साधारण पत्र्याच्या जाडीएवढा किंवा लहान आणि स्पीड जास्त हवा. ठिपका जाडीपेक्षा खूप मोठा, स्पीड कमी आणि पत्रा पातळ असेल तर वरखाली सगळंच एकदम तापतं आणि पत्रा फुगा येऊन वाकतो, ही बकलिंग पद्धत, यात एका पासला कोन जास्त मिळतो पण वर वाकेल की खाली याची खात्री नसते. थराच्या पत्र्यात आधीचे ताण साठलेले असतात त्यामुळे ही दिशा अजूनच बेभरवशाची होते, मी तरी बकलिंगच्या वाटेला जात नाही.

एका पासला साध्या स्टीलमध्ये एखाद डिग्रीच्या आसपास मिळतं, जास्तीत जास्त दोन-तीन. म्हणजे ९० डिग्रीचा बेंड लेझरने करायचा म्हटलं तर ढिगाने पास आणि तितक्या वेळा जोडाला शेक. माझं स्पष्ट मत आहे की पूर्ण बेंड प्रेस ब्रेकवरच करा, लेझर ठेवा शेवटच्या एक-दोन डिग्रीच्या करेक्शनला, वेल्डिंगने आलेला पीळ काढायला, किंवा एकदोनच सॅम्पल पीस हवेत आणि डाय बनवायचा खर्च परवडत नाही तेव्हा.

पहिली पायरी: हातातला पत्रा नक्की कुठला ते ओळखा

चुंबक, मायक्रोमीटर आणि कापलेली कड, एवढ्यावर अर्धं काम होतं. कड ४०० नंबरच्या पेपरने घासून भिंगाने बघा, थर किती, प्रत्येकाची जाडी किती. कळंबोलीच्या मार्केटमधून ऑफकट आणला असेल तर सर्टिफिकेट मिळेलच असं नाही, तरी मागून बघा.

स्टेनलेस आणि कार्बन स्टीलचा क्लॅड सगळ्यात सोपा, कारण दोघांचेही वितळबिंदू वर आहेत. घरातल्या ट्रायप्लाय कढईचा पत्रा वेगळा, आत खायच्या बाजूला ३०४, मधे ॲल्युमिनियम, बाहेर इंडक्शनसाठी चुंबक धरणारं ४३०. इथे मधला थर ६६० डिग्री सेल्सिअसला वितळतो आणि त्याच्या कितीतरी आधी लोखंड आणि ॲल्युमिनियम मिळून काचेसारखा ठिसूळ थर बनायला लागतो. इलेक्ट्रिकल पॅनलवाल्यांकडचा तांबं-ॲल्युमिनियम बसबार त्याहून नाजूक, ही जोडी ५४८ डिग्रीलाच एकमेकांत वितळायला लागते आणि त्याआधी जो ठिसूळ थर वाढतो तो विजेलाही अडवतो, म्हणजे बसबार दिसायला छान आणि चालताना गरम.

आणि बिल्डिंगला लावतात ते एसीपी (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचं) शीट, किंवा दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेलं आवाज कमी करणारं शीट, त्याला लेझर लावूच नका. आतलं पॉलिथिन १३० डिग्रीच्या आतच वितळतं, धूर निघतो, फोड येतो. एसीपीला मागून खाच मारून हाताने वाकवणं हीच बरोबर पद्धत आहे.

दुसरी पायरी: बीम कुठल्या बाजूने

ग्रेडियंट पद्धतीत पत्रा लेझरकडेच वाकतो, म्हणजे जी बाजू लेझरखाली ती बेंडच्या आत जाणार. टाकीत एसएस आतून असतं, तेव्हा आत वाकवायचं तर बीम एसएसवरच मारावा लागतो, चॉइस नाही. नशिबाने कोनाच्या दृष्टीने तीच बाजू चांगली: ३०४ तापल्यावर साधारण मीटरला डिग्रीमागे १७ मायक्रॉन फुगतं तर कार्बन स्टील १२, आणि ३०४ मधून उष्णता कार्बन स्टीलच्या तिपटीने हळू जाते (सुमारे १६ विरुद्ध ५० वॅट प्रति मीटर केल्विन). म्हणजे एसएस वर असेल तर उष्णता वरच अडते, फरक तीव्र राहतो आणि कमी एनर्जीत कोन मिळतो. पण उष्णतेचा सगळा मार एसएसलाच बसतो आणि गंज न लागणं हे तर त्याचंच काम, म्हणून पुढची काळजी.

तिसरी पायरी: बीम लावायच्या आधी कागदावर हिशोब

हे टाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे. ठिपक्याचा व्यास भागिले स्पीड म्हणजे बीम एका जागेवर किती वेळ असतो ते. ३ मिमी ठिपका, ५० मिमी प्रति सेकंद स्पीड, म्हणजे ०.०६ सेकंद. आता तेवढ्या वेळात उष्णता किती खोल जाते? त्या धातूची डिफ्युसिव्हिटी (उष्णता त्यातून किती वेगाने पसरते तो आकडा) गुणिले वेळ गुणिले ४, आणि त्याचं वर्गमूळ. ३०४ ची डिफ्युसिव्हिटी साधारण ४ चौ.मिमी प्रति सेकंद, तर उत्तर येतं जवळपास १ मिमी. आमचा एसएस थर १ मिमीच होता! म्हणजे ५० च्या स्पीडला उष्णता बरोब्बर जोडाला टेकते, आणि आम्ही त्या दिवशी २५ ला चालवलं होतं, तिथे ती १.४ मिमी खोल जाते. जोड पार करून पुढे. स्पीड १०० केला तर ०.७ मिमीलाच थांबते.

हा कडक हिशोब नाही, बीम गेल्यावरही उष्णता पुढे सरकत राहते, पण दिशा बरोबर दाखवतो. कार्बन स्टीलची डिफ्युसिव्हिटी १३ च्या आसपास, शुद्ध ॲल्युमिनियमची ९७, तांब्याची ११५ च्या वर. म्हणूनच ट्रायप्लायमध्ये अर्धा मिमी एसएसच्या खाली ॲल्युमिनियम असेल तर साधारण ०.०१६ सेकंदातच उष्णता त्याला भेटते, स्पीड वाढवून पळवाट मिळत नाही. तिथे पॉवर उतरवणं आणि पास वाढवणं हाच रस्ता, आणि पृष्ठभाग लाल दिसला तर तो पीस बाद समजा.

कोनाचा अंदाज: ३ गुणिले प्रसरणाचा आकडा गुणिले पत्र्याने खरोखर शोषलेली एनर्जी (पॉवर भागिले स्पीड, त्याचा शोषला गेलेला हिस्सा), भागिले घनता, विशिष्ट उष्णता आणि जाडीचा वर्ग यांचा गुणाकार (उत्तर रेडियनमध्ये येतं, डिग्रीसाठी ५७.३ ने गुणा). ५०० वॅट, ५० मिमी प्रति सेकंद, ६० टक्के शोषण, ३ मिमी जाडी धरली तर अंदाजे अर्धा डिग्री येतो. सूत्र एकाच धातूचं आहे, क्लॅडला फक्त सुरुवातीचा आकडा म्हणून वापरा. पण त्यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जाडी दुप्पट झाली की कोन चौथा हिस्सा.

चौथी पायरी: पत्र्याची आणि मशीनची तयारी

तेल, मार्करची शाई, स्टिकरचा गोंद सगळं ॲसिटोनने पुसा. चकचकीत स्टीलवर फायबर लेझरचा बराचसा बीम परत फेकला जातो, तांबं आणि ॲल्युमिनियमवर तर बहुतेक सगळाच, म्हणून ग्रॅफाइट स्प्रेचा पातळ एकसारखा थर द्या. मात्र ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, एसएसवर रेषा वितळली तर तो आत जाईल, आणि प्रत्येक पासला थोडा जळून जातो त्यामुळे पुढच्या पासला शोषण बदलतं. मी दर दोन पासला पुसून परत मारतो.

हेड वर उचलून फोकस पसरवा, मग ठिपका खरंच किती ते जळक्या कागदावर नाही तर ग्रॅफाइट लावलेल्या भंगार पत्र्यावर खूण पाडून मोजा. कटिंगचा ऑक्सिजन बंद, हलका नायट्रोजन किंवा आर्गन. पत्रा एका बाजूनेच क्लॅम्प करा, दुसरी बाजू मोकळी, नाहीतर वाकणार कुठे. आणि वाकलेली कड नोझलला लागणार नाही ना ते आधी बघा.

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत अजून एक भानगड. जुलैत हवेतला दवबिंदू २५-२६ डिग्रीला जातो आणि चिलर (लेझर थंड ठेवणारं पाण्याचं युनिट) २२ ला सेट असेल तर लेन्सच्या काचेवर दव धरतं, पॉवर पडते आणि तुम्ही समजता ग्रॅफाइट कमी पडलं म्हणून पॉवर वाढवता. चिलर थोडा वर घ्या किंवा केबिनला एसी लावा. कार्बन स्टीलची बाजू पण साफ केल्याच्या काही तासांत लालसर व्हायला लागते, तेलाचा हलका हात मारून ठेवा, फक्त रेषेवर नको.

सेफ्टीवर मी कडक आहे. फायबर लेझरचा बीम १०७० नॅनोमीटरच्या आसपास असतो, डोळ्याला दिसत नाही आणि पसरवलेल्या बीमचं परावर्तनसुद्धा डोळा घालवतं. बंद केबिन असेल तरच करा. हल्ली सगळीकडे हँडहेल्ड लेझर वेल्डिंग मशीन आलीत, त्याने हाताने रेषा मारायचा मोह होतो, करू नका, एक म्हणजे धोका आणि दुसरं हाताचा स्पीड कधीच सारखा नसतो, जिथे हात रेंगाळला तिथे जोड गेला.

पाचवी पायरी: ट्रायल आणि पास

त्याच पत्र्याचे किमान सहा तुकडे घ्या, १०० बाय ५० चे चालतील. आमच्या ३ मिमी क्लॅडला मी आता ३ मिमी ठिपका, ५० स्पीड, ३०० वॅटपासून सुरू करतो आणि ५०-५० वॅटने चढतो. प्रत्येक पासनंतर पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, हे थांबणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. घाई केली की आधीची उष्णता साठत जाते, वरखाली फरक कमी होतो, कोन कमी मिळतो आणि जोड मात्र जास्त वेळ गरम राहतो. खालून कॉम्प्रेस्ड एअर मारली तर दोन्ही बाजूंनी फायदा.

जोडाचं तापमान खरंच मोजायचं असेल तर एका तुकड्याला खालून, कार्बन स्टीलच्या बाजूने, १ मिमीच्या आसपासचं भोक जोडापर्यंत पाडा आणि त्यात के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेकवून रेषा मारा. थर्मोकपल जरा उशिरा वाचतो, खरा शिखराचा आकडा त्याहून वरच असतो हे धरून चाला. तरी दोन सेटिंगची तुलना करायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

दर पासला मिळणारा कोन कमी होत जातो, पहिल्या पासला अर्धा डिग्री मिळाला म्हणून दहा पासला पाच मिळणार असं नाही, रेषा जाड आणि कडक होत जाते. प्रेस ब्रेकमध्ये बेंडवर पत्रा पातळ होतो, इथे उलट जरासा जाड होतो.

कडेचं वेगळं सांगतो कारण आमचं तिथेच बिघडलं होतं. बीम पत्र्याच्या बाहेर पडताना पुढे उष्णता जायला धातूच उरत नाही, त्यामुळे शेवटचे काही मिमी जास्त तापतात, कोनही तिथे बदलतो. आणि थर सोलायला सुरुवात होते तीही मोकळ्या कडेपासूनच, कारण दोन धातू वेगवेगळे आकसतात आणि त्यांची ओढाताण कडेला सगळ्यात जास्त. उपाय दोन: शेवटच्या १० मिमीला पॉवर हळूहळू उतरवा, किंवा पीस १५-२० मिमी जास्त लांब ठेवा आणि बेंडनंतर कापून टाका. आम्ही आता दुसरं करतो. एक पास डावीकडून, पुढचा उजवीकडून, हेही.

सहावी पायरी: काय बदललं ते तपासा

एसएस: ४५० ते ८५० डिग्रीच्या पट्ट्यात ३०४ रेंगाळलं की क्रोमियम आणि कार्बन मिळून कणांच्या सीमेवर कार्बाइड बसतं, आजूबाजूचं क्रोमियम कमी होतं आणि तिथून गंज शिरतो. एका जलद पासला वेळ फारच कमी असतो पण हळू स्पीडचे पंधरा-वीस पास झाले की वेळ साठतो. पुढच्या ऑर्डरला ३०४एल मागा, त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो. रेषेवरचा रंग बघा, फिकट पेंढ्यासारखा पिवळा असेल तर चालतं, निळा-जांभळा म्हणजे सेटिंग उतरवा, करडा-काळा म्हणजे थांबा. रंग शोभेचा प्रश्न नाही, त्या थराखाली क्रोमियम कमी झालेलं असतं, म्हणून पिकलिंग पेस्टने (ॲसिडची पेस्ट) काढून पॅसिव्हेट करा, म्हणजे गंज रोखणारा थर परत बसू द्या. पेस्ट कडेवरून कार्बन स्टीलवर उतरली तर त्याला खाते, कडेला टेप लावा. टाकीत गरम, खारट पाणी राहणार असेल तर पार्टीला आधीच सांगा की या रेषेवर ओढीचा ताण राहतो आणि क्लोराइडमध्ये अशा ताणलेल्या एसएसला तडे जाऊ शकतात, मी अशा जॉबला लेझर करेक्शन नाकारतो.

कार्बन स्टील: ७२७ डिग्रीच्या वर जाऊन पटकन थंड झालं की रेषेखालचा पट्टा कडक होतो, कार्बन जास्त असेल तितका जास्त. हार्डनेस टेस्टर असेल तर रेषेवर आणि १० मिमी बाजूला घ्या. बराच फरक आला तर त्याच रेषेवर परत प्रेस ब्रेक लावू नका, तडा जातो. खूप वेळ तापलं तर जोडापाशी कार्बन स्टीलमधून एसएसकडे सरकतो, एक बाजू मऊ पडते आणि दुसरी ठिसूळ.

ॲल्युमिनियम असेल तर उलट, ते मऊ पडतं. ६०६१ टी६ या मिश्रधातूची ताकद उष्णतेनेच आणलेली असते आणि उष्णतेनेच जाते.

जोड: नाण्याने टकटक करून ऐका, पोकळ बद्द आवाज आला तर मोठा भाग सुटलाय. बारीक सुटलेलं मात्र यात कळत नाही, त्यासाठी कड घासून डाय पेनिट्रंट (फटीत शिरणारा लाल रंग) मारा, लाल रेघ उमटली तर उत्तर मिळालं. एक ट्रायल तुकडा रेषेवर आडवा कापा, १००० पेपरपर्यंत घासा, भिंगाने बघा. अजून एका तुकड्याच्या कडेला जोडावर छिन्नी ठेवून हातोडी मारा, चांगला जोड असेल तर छिन्नी धातूत रुतते, थर पापुद्र्यासारखा उघडत नाही. पार्टी स्टॅंडर्ड मागत असेल तर एसएस क्लॅड प्लेटला एएसटीएम ए२६४ मध्ये जोडाची शिअर ताकद किमान १४० मेगापास्कल आहे आणि कार्बाइडची तपासणी ए२६२ ने होते. तुकडे एनएबीएल मान्यतेच्या लॅबला द्या, बीम लावलेला आणि न लावलेला असे दोन्ही, नाहीतर आलेला आकडा कशाशी ताडून बघणार.

त्या टाकीच्या जॉबचं शेवटी असं केलं की चार पास मारलेले सगळे पीस बाजूला काढले, पार्टीला कापलेला तुकडा दाखवला, पत्र्याचा खर्च आम्ही उचलला. नवीन पीस प्रेस ब्रेकवर दोन डिग्री जास्तच वाकवून घेतले आणि जे एकदोन तरीही कमी राहिले त्यांना ४५० वॅट, ६० स्पीडला दोन-तीन पास, लांब ठेवलेली कड नंतर कापून. त्यातला एक तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, त्यावर पॉवर, स्पीड, ठिपका, पास आणि कोन पेंट मार्करने लिहिलंय, आणि आता प्रत्येक क्लॅड जॉबचा असा एक तुकडा आम्ही डब्यात ठेवतो.